छोट्या रकमेच्या पोकरमध्ये नवख्याला कौशल्य आणि संयम पुरेसे पडतात का?

पोकर नुकताच शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण थोड्याच दिवसांत एका प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. छोट्या रकमेच्या टेबलावर बहुतेक लोक करमणुकीसाठी बसलेले असतात. तिथे थोडे कौशल्य आणि भरपूर संयम यांच्या बळावर सातत्याने जिंकता येईल का? टेक्सास होल्डेम हा प्रकार (प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने आणि मध्यभागी सर्वांसाठी पाच उघडी पाने) मी अनेक वर्षे छोट्याच रकमेवर खेळत आले आहे, खेळलेल्या डावांच्या नोंदी ठेवत आले आहे, आणि त्यामागचे संभाव्यतेचे गणित मला खेळाइतकेच प्रिय आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र नवखा माणूस ज्याला संयम समजतो तो या कामी फारसा उपयोगी पडत नाही, आणि ज्या संयमाची खरोखर गरज असते त्याची कल्पना त्याला सहसा कोणी देत नाही.

आधी कौशल्याचा प्रश्न निकालात काढायला हवा, कारण पोकर निव्वळ नशिबाचा खेळ असता तर पुढे काही लिहिण्यात अर्थच उरला नसता. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्राटस या संगणकीय प्रणालीने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध एकास-एक पद्धतीने नो-लिमिट होल्डेमचे (ज्यात समोरची सगळी रक्कमही एकदम लावता येते) १,२०,००० डाव खेळले आणि दर शंभर डावांमागे सुमारे १४.७ बिग ब्लाइंड या वेगाने विजय मिळवला. (पाने वाटण्याआधी एका खेळाडूने पॉटमध्ये, म्हणजे डावात जमणाऱ्या एकूण रकमेत, टाकायची सक्तीची रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड, दुसऱ्या एका खेळाडूने टाकायचा स्मॉल ब्लाइंड बहुधा तिच्या निम्मा असतो, आणि पोकरमधला नफा-तोटा याच एककात मोजतात.) दोन वर्षांनी प्लुरिबस या प्रणालीने सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांवर मात केली. पाने सर्वांना सारख्याच नशिबाने मिळत होती आणि फरक होता तो निर्णयांचा.

मला मात्र या सामन्यांमध्ये विजेत्यापेक्षा डावांची संख्या अधिक बोलकी वाटते. २०१५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या क्लॉडिको या आधीच्या प्रणालीविरुद्ध व्यावसायिक खेळाडूंनी ८०,००० डावांत शंभर डावांमागे सुमारे ९ बिग ब्लाइंडची आघाडी घेतली होती. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून खेळाडूंच्या जोड्या करून तीच पाने एका ठिकाणी माणसाला आणि दुसऱ्या ठिकाणी संगणकाला दिली जात होती. एवढी काळजी घेऊनही ती आघाडी संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक मानावी की नाही, यावर मतभेद झालेच. ऐंशी हजार डावांनंतर जिथे जाणकारांचे एकमत होत नाही, तिथे चार-सहा बैठकांवरून स्वतःला जिंकणारा किंवा हरणारा ठरवणाऱ्या नवख्याचा निष्कर्ष किती कच्चा असतो, हे वेगळे सांगायला नको.

टेबलावरच्या प्रतिस्पर्ध्यांइतकाच महत्त्वाचा, आणि नवख्याच्या हिशेबातून हमखास सुटणारा घटक म्हणजे रेक. खेळ चालवणारी संस्था प्रत्येक पॉटमधून ठरावीक टक्केवारी, पुष्कळदा ५ टक्क्यांच्या आसपास, कमाल मर्यादेपर्यंत कापून घेते. मोठ्या रकमेच्या टेबलावर ती कमाल मर्यादा लवकर गाठली जाते, त्यामुळे मोठ्या पॉटमधली कपात प्रमाणाने नगण्य ठरते. छोट्या टेबलावर मात्र ती मर्यादा ब्लाइंडच्या तुलनेत मोठी असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पॉटवर पूर्ण टक्केवारी द्यावी लागते. उदाहरणादाखल समजा, शंभर डावांत आपण फ्लॉपपुढे (पहिली तीन उघडी पाने) गेलेले आठ पॉट जिंकले आणि त्यांची सरासरी १५ बिग ब्लाइंड भरली, तर एकूण १२० बिग ब्लाइंडमधून ५ टक्क्यांच्या हिशेबाने ६ बिग ब्लाइंड गेले. म्हणजे समोरच्यांपेक्षा शंभर डावांमागे ६ बिग ब्लाइंडने सरस असलेला खेळाडू शेवटी होता तिथेच राहतो. प्रतिस्पर्ध्यांना हरवणे आणि खेळ जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातले अंतर छोट्या टेबलावर सर्वांत जास्त असते. टेबलावरचे बहुसंख्य लोक दीर्घ काळात हरतात यामागे हे साधे कारण आहे: एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा अशा खेळातून सतत काही बाहेर काढले जात असेल, तर सरासरी शून्याखालीच जाणार.

आता संयमाकडे वळते. नवख्याच्या मनातला संयम म्हणजे मोठी पाने हाती येईपर्यंत थांबणे. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला की तो किती महाग पडतो ते कळते. बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत एक्क्यांच्या सहा आणि राजांच्या सहा. या दोहोंपैकी कोणती तरी एक जोडी सरासरी ११० डावांत एकदा येते. नऊ जणांच्या टेबलावर प्रत्येक फेरीत दोन्ही ब्लाइंड मिळून दीड बिग ब्लाइंड द्यावा लागतो, त्यामुळे तेवढे डाव थांबण्याची किंमत १८ बिग ब्लाइंडपेक्षा थोडी जास्त होते. सहा जणांच्या टेबलावर ती २७ च्या पुढे जाते. तेव्हा प्रत्येक मोठ्या जोडीवर सरासरी इतके मिळवले तर आपण फक्त बरोबरीत राहतो, आणि त्यात रेक धरलेलाच नाही. शिवाय तासभर पाने टाकत, म्हणजे डाव सोडत बसलेल्या माणसाने अचानक रेझ केला (रक्कम वाढवली) की टेबलावरच्या निष्काळजी खेळाडूलाही त्याचा अर्थ उमगतो, आणि ज्या डावासाठी इतकी वाट पाहिली तो ब्लाइंडच्या तुटपुंज्या रकमेवर संपतो. एक्के नेहमी जिंकतात असेही नाही. राजांच्या जोडीविरुद्ध ते सुमारे ८२ टक्के वेळा टिकतात, आणि कोणीही रेझ न करता आठ जण कसलीही पाने घेऊन शेवटपर्यंत थांबले तर एक्क्यांच्या जिंकण्याची शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत खाली येते.

तरीही थांबण्याच्या कल्पनेत तथ्य आहेच. पूर्ण भरलेल्या टेबलावर साधारण दर पाच-सहा डावांमागे एका डावात उतरणारा खेळाडू, अर्ध्या डावांत उतरणाऱ्यापेक्षा नक्कीच चांगल्या जागी असतो. या निवडीचा फायदा एक्का-राजा येण्याच्या आनंदात नसून, दुय्यम पाने टाळल्यामुळे वाचलेल्या पैशांत असतो. एक्का-सत्ती ही जोडी नवख्याला आकर्षक वाटते, कारण तिच्यात एक्का असतो. पण मोठा पॉट जेव्हा तयार होतो तेव्हा समोर पुष्कळदा एक्का-राजा किंवा एक्का-राणी निघते, आणि एक्का-राजासमोर एक्का-सत्ती चारपैकी जवळपास तीन वेळा हरते. फ्लॉपवर एक्का आला तर नुकसान वाढते, कारण आता दोघांनाही आपला हात मोठा वाटू लागतो. एक्का न आल्यास थोडक्यात सुटका होते, आल्यास सगळे पणाला लागते. अशा पानांपासून दूर राहणे हे नवख्याचे पहिले खरे कौशल्य आहे, असे मी मानते.

दुसरे कौशल्य बसण्याच्या जागेचे. फ्लॉपनंतर बटणावर (त्या डावात पाने वाटणाऱ्याच्या जागी) बसलेला खेळाडू प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो, त्यामुळे इतरांनी काय केले हे पाहूनच त्याला निर्णय घ्यायचा असतो. ब्लाइंडमध्ये बसणाऱ्याला याच्या उलट, माहितीशिवाय आधी बोलावे लागते. चांगल्या खेळाडूच्या नोंदीही तपासल्या तर ब्लाइंडच्या जागांवर तोटा आणि बटण व त्याच्या उजवीकडची जागा यांवर नफा, असेच चित्र दिसते. म्हणून तीच पाने बटणावर रेझ करण्यासारखी आणि सुरुवातीच्या जागेवर टाकून देण्यासारखी असू शकतात. नवख्याला हे पटते, पण खेळताना तो केवळ आपल्या हातातल्या पानांकडे पाहतो. ही सवय मोडायला इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागतो.

छोट्या टेबलावरचा सर्वांत मोठा नफा मात्र एका अगदी साध्या गोष्टीतून येतो, आणि ती म्हणजे हात चांगला असताना पुरेशी मोठी बेट लावणे. इथले खेळाडू कुतूहलापोटी कॉल करतात, म्हणजे समोरच्याने लावलेल्या रकमेएवढी रक्कम भरतात. मधली जोडी, फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पानांची) आशा, कधी नुसता एक्का एवढ्या आधारावर ते रिव्हरपर्यंत (शेवटच्या, पाचव्या उघड्या पानापर्यंत) येतात. अशा माणसासमोर सापळे रचणे, मुद्दाम चेक करून (काहीच न लावता) कमकुवत असल्याचे भासवणे, हे सारे अनावश्यक असते. फ्लॉप, टर्न (चौथे उघडे पान) आणि रिव्हर या तिन्ही टप्प्यांवर पॉटच्या दोन-तृतीयांशाएवढी बेट लावणारा माणूस कंटाळवाणा दिसेल, पण त्याच्या हातचे पॉट हळूहळू मोठे होत जातात.

याच कारणामुळे ब्लफला, म्हणजे कमकुवत हातावर बेट लावून समोरच्याला पाने टाकायला लावण्याला, इथे फार मर्यादित स्थान आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरच्या सोप्या गणिती नमुन्यावरून दाखवले होते की चांगल्या खेळात ब्लफ हा अपरिहार्य भाग असतो, आणि तो मध्यम हातांऐवजी अगदी वाईट हातांनी करणे योग्य असते. ते खरेच आहे, परंतु त्यामागे प्रतिस्पर्धी प्रसंगी पाने टाकतो हे गृहीत आहे. अर्ध्या पॉटएवढ्या ब्लफने तोटा होऊ नये यासाठी तो तीनपैकी एकदा, आणि पूर्ण पॉटएवढा ब्लफ दोनपैकी एकदा यशस्वी व्हावा लागतो. समोरचा माणूस पाचपैकी एकदाच पाने टाकत असेल तर कितीही नाट्यमय ब्लफ हा पैसे देण्याचाच एक मार्ग ठरतो. त्याउलट, दिवसभर चेक आणि कॉल यांपलीकडे न गेलेला शांत खेळाडू टर्न किंवा रिव्हरवर अचानक रेझ करतो, तेव्हा आपली एकच जोडी, मग ती एक्क्यांची का असेना, बहुतेक वेळा हरलेली असते. ती त्याच क्षणी टाकता येणे हे छोट्या टेबलावरच्या सर्वांत किफायतशीर कौशल्यांपैकी एक आहे, आणि इथे संयम हा शब्द मला खऱ्या अर्थाने लागू पडतो असे वाटते, कारण सुंदर पाने सोडून देताना मन फार विरोध करते.

गणिताचा भाग भीतीदायक वाटतो, पण लागणारे गणित थोडेच आहे. टर्नवर आपल्याला बदामच्या फ्लशसाठी एक पान हवे आहे, पॉट १०० आहे आणि समोरच्याने ५० लावले. आता १५० मिळवण्यासाठी ५० द्यायचे, म्हणजे चारपैकी एकदा जिंकायला हवे. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरले आहेत, म्हणजे शक्यता १९.६ टक्के, नुसत्या या हिशेबाने कॉल तोट्याचा आहे. बदाम आल्यावर रिव्हरवर समोरचा सरासरी आणखी ५६ तरी देईल असा विश्वास असेल तरच कॉल बरोबरीत येतो. नवखा माणूस ‘एक पान तर हवे’ म्हणून कॉल करतो, अनुभवी माणूस समोरच्याकडे पाहून त्या ५६ चा अंदाज बांधतो. तो अंदाज अचूक नसतो, पण प्रश्न योग्य असतो, आणि योग्य प्रश्न विचारण्याची सवय शिकता येते.

एवढे सगळे नीट जमले तर काय हाती लागते? समजा, रेक जाऊनही आपण शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड मिळवणारे खेळाडू झालो, जे छोट्या टेबलावर चांगलेच यश आहे. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागचे प्रमाण विचलन (निकालांची सरासरीभोवतीची चढउतार) साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असते. ते ९० धरले तर १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५०० बिग ब्लाइंड, पण त्याभोवतीचे विचलन ९०० बिग ब्लाइंड. याचा अर्थ असा की खरोखर जिंकणारा हा खेळाडू दहा हजार डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के आहे. प्रत्यक्ष टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला दहा हजार डाव पूर्ण करायला दीड वर्षाहून अधिक काळ लागेल. दीड वर्ष योग्य खेळूनही दहांपैकी जवळपास तीन जणांच्या हाती तोटाच असेल. एक लाख डावांनंतर ही शक्यता ४ टक्क्यांवर येते, पण तिथपर्यंत पोहोचायला किती आयुष्य जाईल याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा. ऑनलाइन खेळात डाव भराभर होतात हे खरे, परंतु तिथे त्याच रकमेच्या टेबलावरचे खेळाडू बहुधा अधिक तयारीचे असतात.

या गणिताची दुसरी बाजू मला अधिक चिंताजनक वाटते. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड हरणारा खेळाडू दहा हजार डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यताही नेमकी तेवढीच, म्हणजे २९ टक्के आहे. असा माणूस आपल्या चुकांना शैली समजू लागतो, मोठ्या रकमेच्या टेबलावर जातो आणि तिथे त्याला कळत नाही की आपले नशीब अचानक का फिरले. ज्या नवख्यांना सुरुवातीलाच यश मिळते त्यांची मला म्हणूनच जास्त काळजी वाटते.

पोकरच्या प्रसिद्ध कहाण्या या बाबतीत दिशाभूल करतात. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर या लेखापालाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पुढे जाऊन वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या जागतिक मालिकेच्या ८३९ जणांच्या मुख्य स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले, आणि त्यानंतर लाखो लोक या खेळाकडे वळले. २००७ मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाडने १८० जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पाने झाकून, केवळ एकदाच त्यांकडे पाहून जिंकली. जागा आणि समोरच्यांचे वर्तन यांचे महत्त्व दाखवणारे हे उदाहरण मला फार आवडते, पण एका स्पर्धेवरून सिद्ध काहीच होत नाही. मला अधिक शिकवून जातो तो क्रिस फर्ग्युसन यांचा प्रयोग. जागतिक मुख्य स्पर्धेचे २००० सालचे विजेते असलेल्या या खेळाडूने २००६ मध्ये ऑनलाइन खात्यात एकही डॉलर न भरता, विनाशुल्क स्पर्धांपासून सुरुवात केली आणि २००७ मध्ये १०,००० डॉलरचा टप्पा गाठला. त्यांचा नियम असा होता की कोणत्याही टेबलावर एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक घेऊन बसायचे नाही, आणि समोरची रक्कम वाढून एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचे. जगज्जेत्यालाही अगदी तळाच्या पायरीवरून वर यायला कित्येक महिने झगडावे लागले, ही गोष्ट नवख्याने मनावर कोरून ठेवावी.

बँकरोलचे, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचे गणितही याच दिशेने बोट दाखवते. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड मिळवणाऱ्याने २,००० बिग ब्लाइंड, म्हणजे प्रत्येकी १०० च्या वीस बैठकांइतकी रक्कम बाजूला ठेवली आणि खालच्या टेबलावर कधी उतरला नाही, तर ती पूर्ण संपण्याची शक्यता साधारण ८ टक्के असते. तोच खेळाडू २ बिग ब्लाइंडच मिळवत असेल तर ती ३७ टक्क्यांवर जाते. आपण या दोहोंपैकी नक्की कोण आहोत हे आपल्याला फार उशिरा कळते, त्यामुळे रक्कम अशीच असावी की ती संपल्याने घरातले एकही काम अडू नये. आणि जिथे कायदा या खेळाला परवानगी देत नाही, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग टिल्ट. एखाद्या क्रूर रिव्हरनंतर चिडून खेळणे याला सगळे सौम्यपणे घेतात, पण त्याचा हिशेब सौम्य नाही. रागाच्या भरात एकाच बैठकीत १०० बिग ब्लाइंड उधळले तर शंभर डावांमागे ५ च्या वेगाने ते परत मिळवायला दोन हजार डाव, म्हणजे प्रत्यक्ष टेबलावरचे सुमारे ६७ तास लागतात. उत्तम खेळाडूही इतक्या कमी फरकाने जिंकत असतो की एक वाईट संध्याकाळ त्याचे कित्येक आठवडे खाऊन टाकते. मला लागणारा संयम हाच वाटतो: निकाल अन्यायकारक वाटत असतानाही पुढचा निर्णय मागच्याच शिस्तीने घेणे, आणि तसे जमणार नाही असे वाटताच उठून जाणे.

निकाल इतका उशिरा बोलत असल्यामुळे मी नवख्यांना पैशांच्या नोंदीबरोबर निर्णयांची नोंद ठेवायला सांगते. प्रत्येक बैठकीनंतर सर्वांत अवघड वाटलेले दोन-तीन डाव पाने, जागा, पॉटची रक्कम आणि त्या वेळचा आपला विचार यांसह लिहून ठेवावेत, आणि डाव कोणी जिंकला ते मुद्दाम लिहू नये. काही दिवसांनी वाचताना आपला निर्णय निकालाच्या प्रभावाशिवाय तपासता येतो. त्याच प्रकारचा तोट्याचा कॉल पुन्हा पुन्हा वहीत येत असेल, तर बँकरोल वाढलेला असला तरी शिकणे थांबले आहे. आणि वहीतल्या अडचणी बदलत जात असतील, तर बँकरोल घटलेला असला तरी घाबरण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट बसण्याआधीच ठरवता येते, ती म्हणजे टेबल. रेकची टक्केवारी आणि तिची कमाल मर्यादा किती बिग ब्लाइंड होते हे मी आधी विचारते, मग थोडा वेळ नुसते पाहत उभी राहते. एका डावात चार-पाच जण फ्लॉप पाहत असतील, रेझ क्वचित होत असेल आणि रिव्हरवर कमकुवत जोड्या दाखवल्या जात असतील, तर नवख्याने शिकलेले थोडेसे कौशल्यही तिथे कामी येते. रेक १० टक्के असेल आणि मर्यादा इतकी वर असेल की ती कधी लागूच होत नाही, तर समोरचे कितीही कच्चे असले तरी मी त्या टेबलावर बसत नाही.